तीन दिवसांचं दूध

दही लागलं नाही की आई विरजणाला बोल लावायची, नाहीतर थंडीला. मी पशुवैद्यक झालो आणि तिसरा संशयित सापडला: माझीच बॅग. गायीला टोचलेलं अँटिबायोटिक दुधात उतरलं की विरजणातले जिवाणू मान टाकतात. सकाळी पातेल्यात दूध जसंच्या तसं.

संगमनेर-अकोले पट्ट्यात माझी नोकरीची वर्षं गेली. गोठ्यावर सगळ्यात जास्त बोलावणं यायचं ते दगडीचं, म्हणजे कासदाहाचं. सड सुजलेला, गाय हात लावू देत नाही, धारेत गाठी. सडात ट्यूब सोडायची, वर इंजेक्शन द्यायचं आणि निघताना सांगायचं, "तीन दिवस दूध डेअरीला घालू नका." माना हलायच्या. संध्याकाळी कॅन निघायचा तेव्हा त्यात ते दूध असणार, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. काही जण आजारी सडाचं तेवढं बाजूला काढून वासराला पाजत आणि उरलेल्या तीन सडांचं घालत. पण औषध रक्तातून चारही सडांत पोचतं, आणि वासराच्या पोटातले जंतू त्या थोड्याथोड्या औषधाला सरावतात ते वेगळंच.

एकदा एकाने मला गोठ्यातच अडवलं. "डॉक्टर, अठरा लिटरची गाय. तीन दिवसांचं चोपन्न लिटर. तिसाने धरा, सोळाशे वीस झाले. शिवाय तुमच्या औषधाचे. द्या तुम्ही, ओततो उकिरड्यावर." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही तो चुकीचं बोलला असं मला वाटत नाही.

नियम आहेत. उपचारानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही ते औषधाच्या लेबलवर छापायचं, आणि तसा कालावधी ठरलेला नसेल तर दूध-अंड्यांसाठी किमान ७ आणि मांसासाठी २८ दिवस धरायचे, असं २०१२ पासून कायद्यात आहे. लेबल मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत असतं आणि रिकाम्या बाटलीबरोबर उकिरड्यावर जातं.

दुधाची बातमी होते ती भेसळीची. युरिया, पावडर, रात्रीची धाड, ओतून दिलेले टँकर. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. घातक भेसळ निघाली १२ नमुन्यांत. मर्यादेपेक्षा जास्त अँटिबायोटिक ७७ नमुन्यांत, आणि बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, ३६८ नमुन्यांत. हे विष कुणी मुद्दाम घालत नाही. पावसात भिजलेली पेंड, बुरसलेला मक्याचा भरडा फेकवत नाही म्हणून गायीपुढे टाकला जातो, आणि त्यातलं विष दुधातून आपल्यापर्यंत येतं. दूध तीनदा उकळा, विष जात नाही.

पेलाभर दुधाने लगेच कुणाला काही होत नाही. उगाच घाबरवायचं नाही. पण गेल्या वर्षी पत्नीला लघवीचा संसर्ग झाला आणि कल्चरचा कागद हातात आला. औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक 'आर', म्हणजे लागू पडणार नाही. अँपिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन. निम्मी यादी माझ्या बॅगेतली होती. गुरांसाठीचं एन्रोफ्लॉक्सासिन तर शरीरात गेल्यावर काही अंशी सिप्रोफ्लॉक्सासिनच होतं. तिच्या आजाराचं खापर दुधावर फोडता येणार नाही; माणसांच्या दवाखान्यांतही ही औषधं कमी उधळली जात नाहीत. तरी तो कागद मी बराच वेळ धरून बसलो.

माझं म्हणणं एवढंच आहे: शेतकऱ्याने ओतलेल्या दुधाचे पैसे कुणीतरी दिले पाहिजेत. आज दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन घटकांवर. फॅटचा एक पॉइंट घसरला तर पैसे कापणारी यंत्रणा प्रामाणिकपणे थांबवलेल्या दुधाला शून्य रुपये देते. २०२४ मध्ये राज्य सरकारने लिटरमागे अनुदान दिलं तेव्हा गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागितला होता. त्याच नंबरावर उपचाराची नोंद करा, तेवढे दिवस निम्मा तरी दर द्या आणि मग संकलन केंद्रावर अँटिबायोटिकची पट्टी लावून तपासा. आधी दंड आणि मग भरपाई असा क्रम ठेवला, तर दूध फक्त दुसऱ्या केंद्रावर जाईल.

दगडी टाळताही येते. धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं असतं. तेव्हा पुढ्यात वैरण टाकावी, म्हणजे गाय शेणात बसत नाही. कोरफड, हळद, चुन्याच्या लेपाला मी पूर्वी हसायचो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ तो सांगू लागल्यावर सुरुवातीच्या सुजेवर वापरून पाहिला, आणि हसणं बंद केलं.

मला अडवणाऱ्या त्या शेतकऱ्याकडूनच हल्ली आमच्या घरी दूध येतं. गाय आजारी असली तर आणू नको, पैसे तेवढेच धरीन, असं मी सांगून ठेवलंय. वर्षात दोनदा त्याने सरळ फोन केला, "डॉक्टर, तीन दिवस दूध नाही." त्या तीन दिवसांत डेअरीच्या कॅनमध्ये काय गेलं, ते मी विचारलं नाही.