थेट विमानाचा हिशेब

लोहगावचा विमानतळ चऱ्होलीपासून हाकेच्या अंतरावर. तरीही चऱ्होलीतील अभियंत्यास जर्मनीस जावयाचे झाल्यास तो बहुधा बोरघाट उतरून मुंबई गाठतो. ही विपरीत स्थिती पालटावी आणि पुण्याहून युरोप-अमेरिकेस थेट विमान सुटावे, ही मागणी स्वाभाविकच आहे. मात्र सभा-समारंभांतून तिला शहराच्या मानापमानाचे जे रूप दिले जाते, ते आम्हांस मान्य नाही.

लांब पल्ल्याच्या विनाथांबा उड्डाणाचे अर्थशास्त्र मोठे निष्ठुर असते. पंधरा तासांचे इंधन आरंभीच भरून घ्यावे लागते आणि त्यातील बराच भाग उरलेल्या इंधनाचे ओझे वाहण्यातच जळतो. वैमानिकांची जादा तुकडी बरोबर न्यावी लागते. जाण्यायेण्यास चोवीस तासांहून अधिक लागत असल्याने रोजच्या सेवेस एक विमान पुरत नाही. हा खर्च मागे दाटीवाटीने बसलेल्या विद्यार्थ्याच्या तिकिटातून निघत नाही. तो निघतो पुढल्या महागड्या आसनांतून आणि खालच्या मालातून. सिंगापूर एअरलाइन्ससारख्या मातबर कंपनीनेही २००४ मध्ये सुरू केलेली न्यूयॉर्कनजीकच्या न्यूअर्कची थेट सेवा २०१३ मध्ये बंद केली. कमी इंधन खाणारे विमान हाती आल्यावर, २०१८ मध्ये, ती पुन्हा सुरू झाली.

पुण्यास हा अनुभव अपरिचित नाही. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफुर्ट सेवा सुरू केली. चाकणला जर्मन मोटार-कारखाने उभे राहात होते. अधिकाऱ्यांचे प्रवासभाडे कंपन्या भरीत होत्या. परंतु विमान लहान, आसने मोजकी. काही वर्षांनी ती सेवाही थांबली. मोठे विमान आणावे, तर धावपट्टी सुमारे ८,३०० फूट, जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच आणि वैशाखातील हवा तप्त व विरळ. इंधनाने आणि माणसांनी पूर्ण भरलेले अवजड विमान येथून उचलणे कठीण. शिवाय तळ हवाई दलाचा. त्यावर पहिला हक्क दलाचाच, आणि तो तसाच राहावयास हवा.

म्हणूनच पुरंदरचे नाव पुढे येते. तेथे सात गावांच्या जमिनीचा, अंजीर-सीताफळाच्या बागांचा प्रश्न आहे. थेट परदेशी विमानांच्या नावाने ही जमीन मागावयाची, तर महागडी आसने बारमाही कोण भरणार, माल किती मिळणार, याचे उत्तर आधी हवे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ वाहतुकीस खुला झाला आहे आणि पुणेकरास तो सांताक्रूझ-सहारपेक्षा जवळचा आहे. परदेशी जाणारा प्रवासी तिकडे वळल्यास पुरंदरच्या वाट्यास काय उरेल? तोटा आल्यास विमान कंपनी दुसऱ्या शहरी निघून जाईल. शेतकऱ्यास मात्र गेलेली बाग परत मिळणार नाही. सरकारने प्रवासी व माल यांचे आपले अंदाज, ते ज्या आधारावर बांधले त्या आधारासह, मराठीत प्रसिद्ध करावेत आणि सातही गावांच्या ग्रामसभांपुढे ठेवावेत, अशी आमची मागणी आहे.