स्वस्त आवाज, महाग तार

"अरे, पंधरा दिरहममध्ये अजून काय मिळणार?"

हे वाक्य दुबईत आल्यापासून इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की डोकं फिरतं. कानात खुपसायच्या इयरफोनची एक बाजू महिन्या-दोन महिन्यांत मुकी होते. मग त्याचा मालक प्लगजवळची तार दोन बोटांत धरून वाकवतो, पिळतो. आवाज क्षणभर येतो, परत जातो, आणि शेवटी सुस्कारा टाकून हे वाक्य! जणू काही तक्रार करायचा हक्क शंभर दिरहमच्या वरच सुरू होतो.

मंडळी, हे वाक्य चुकीचं आहे आणि आज त्याचाच समाचार घ्यायचाय. (ज्यांना इयरफोनमध्ये काडीचाही रस नाही त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. पण घरच्या ड्रॉवरमध्ये एका कानाने बहिरे झालेले चार इयरफोन पडले असतील, तर मात्र जरूर वाचा.)

आधी आवाजाचं बघू. महागडा हेडफोन गळ्यात घालून मरीना वॉकवर धावणारी मंडळी असं समजतात की स्वस्त इयरफोनचा आवाज वाईटच असणार. आता विज्ञान काय म्हणतं? २०१७ साली येरुन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापं घेऊन त्यांचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स आणि बाजारातली किंमत यांचा संबंध तपासला. त्या निबंधाच्या शीर्षकातच निष्कर्ष आहे: संबंध नाही. म्हणजे कुठला सूर किती जोरात वाजतो, या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीत जास्त पैसे मोजून जास्त चांगलं मिळेलच याची काहीही खात्री नाही.

यात आश्चर्य वाटण्यासारखंही काही नाही. इयरफोनच्या पोटात एक बारीक पडदा, त्याला चिकटवलेलं तारेचं वेटोळं आणि एक चुंबक असतं. खोली भरून टाकायची तर स्पीकरला मोठा पडदा लागतो, जागा लागते, ताकद लागते. कानाच्या नळीत हवा असते ती चिमूटभर. रबरी टोपी नीट बसली आणि नळी बंद झाली, की चिमुकल्या पडद्यालाही डग्ग्याचा घुमारा सहज काढता येतो. टोपी सैल बसली तर मात्र हजार दिरहमच्या इयरफोनचाही खर्ज गळून जातो. तेव्हा आपला इयरफोन "पातळ" वाजतोय अशी तक्रार असेल, तर डबीत आलेल्या तीन मापांच्या टोप्या आधी बदलून बघा. यात खर्च शून्य.

मग स्वस्त इयरफोन बरेचदा मोरीत बसून गायल्यासारखे का वाजतात? कारण ते तसे वाजावेत असं कुणीतरी ठरवलेलं असतं. दुकानात गिऱ्हाईक अर्धा मिनिट ऐकतं, ते पण आजूबाजूच्या गोंगाटात. अर्ध्या मिनिटात छाप पाडायची तर खर्ज वाढवायचा आणि वरून थोडी झणझणीत फोडणी द्यायची. बाजाराला बेसचं इतकं वेड लागलंय की भारतात बोट या कंपनीच्या तारवाल्या इयरफोनांच्या मालिकेचं नावच मुळी 'बेसहेड्स' आहे. नाचायच्या गाण्यांना हे ठीक. पण कुमार गंधर्वांची मैफल लावा, की तंबोऱ्याची जवारी कुठेतरी गाडली जाते आणि डग्गा शेजारच्या बिल्डिंगच्या पायाभरणीसारखा धडधडत राहतो. (मरीनात शेजारी कायम कसलं ना कसलं बांधकाम चालूच असतं, त्यामुळे पटकन फरकही कळत नाही!)

बोलण्याचं तर विचारूच नका. माणसाच्या उघड्या कानाची नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप मोठा करते. नळीत इयरफोन घातला की ही नैसर्गिक मदत बिघडते आणि इयरफोनने ती भरून काढायची असते. ते केलं नाही तर व्यंजनं बोथट होतात. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च यातला फरक वरच्या पट्टीतच राहतो. घरी फोन लावल्यावर आईला तीनदा "काय म्हणालीस?" विचारावं लागतं, त्यात नेटवर्कचा दोष असतो तसा या हरवलेल्या पट्टीचाही असू शकतो.

आणि डबीवर छापलेलं '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ'? ते सगळ्यांच डब्यांवर असतं. त्या दोन टोकांच्या मध्ये आवाज किती डेसिबल वर-खाली होतो हे सांगितलं नाही, तर त्या आकड्याला काडीची किंमत नाही. मुंबई ते नागपूर रस्ता आहे असं सांगण्यासारखं ते आहे. खड्डे किती हे कोण सांगणार?

तर सांगायचा मुद्दा हा की चांगला आवाज आता महाग राहिलेला नाही. तो दिला जात नसेल तर त्याला किंमत कारण नाही, कुणाच्या तरी आवडीनिवडी कारण आहेत. माझं खरं भांडण पुढे आहे.

स्वस्त इयरफोन मरतो तो आवाजाने नव्हे, तारेने. ही तार साधी नसते. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा असतात, प्रत्येकीवर इनेमलचा थर, आणि ओढ सहन करायला मधे एक धागा. अशी तार पुष्कळ वाकवली तरी सहजी तुटत नाही. पण ती रोज त्याच जागी, टोकदार कोनात वाकली, की धातू थकतो. ती जागा कुठली हे शाळकरी पोरगंही सांगेल: प्लगच्या तोंडाशी, आणि तार कानातल्या बोंडात शिरते तिथे. म्हणूनच तिथे रबराची निमुळती लवचिक नळी असायला हवी, म्हणजे तार एका बिंदूत न मोडता गोलाईने वळते. धातूच्या थकव्याचं गणित असं आहे की ताण निम्मा केला तर आयुष्य दुप्पट नव्हे, कित्येक पट वाढतं. पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या पोराला हे कळतं, तर ज्यांचा धंदाच हा आहे त्यांना कळत नसेल?

कळतं ना! मी बंद पडलेले बरेच इयरफोन ब्लेडने कापून बघितलेत (प्रत्येकाचे छंद असतात). बाहेरून ती नळी दिसते. झकास खाचाही असतात. पण ती कडक प्लास्टिकची असते, जेमतेम नखाएवढी, आणि तार तिच्या टोकाशी काटकोनात मोडत असते. म्हणजे नळी आहे ती फोटोपुरती. याला आमच्याकडे 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणतात.

आता कुणी म्हणेल, रबर महाग पडतं. बरं, एक उदाहरण घ्या. मूनड्रॉप या चिनी कंपनीने २०२२ साली 'चू' नावाचा इयरफोन वीस डॉलरच्या आत आणला. आवाजाचं कौतुक झालं, पण तार कायमची जोडलेली. तार गेली की इयरफोन गेला. २०२३ साली त्याची दुसरी आवृत्ती आली, तीही वीस डॉलरच्या आत, आणि या वेळी तार काढता-घालता येणारी! किंमत वाढली नाही, जग बुडालं नाही. वीस डॉलर म्हणजे साधारण त्र्याहत्तर दिरहम. पंधरा दिरहममध्ये सुटी तार बसणार नाही हे मला मान्य आहे. पण दोन सेंटिमीटर मऊ रबर नक्की बसेल.

आणि पंधरा दिरहमचा इयरफोन घेतो कोण? मरीनात टॉवरच्या काचा पुसणारे, रात्रपाळीचे गार्ड, मोटरसायकलवरून जेवण पोचवणारे. आमच्या पार्किंगमध्ये खेडकडचे एक चाचा आहेत. त्यांचा इयरफोन म्हणजे घर. बायकोशी, नातवाशी रोज तासभर बोलणं त्या तारेवरून. दर दोन महिन्यांनी ते नवा घेतात. मी एकदा म्हटलं, "चाचा, एकदाच जरा बरा घ्या ना." तर म्हणाले, "बाबा, पंधरा खिशात असतात, सत्तर एकदम कुठनं काढू?" पंधरा पाचे पंच्याहत्तर. दहा महिन्यांत चाचांनी चांगल्या इयरफोनचे पैसे मोजलेले असतात आणि हातात पाच मेलेल्या तारा असतात. ज्याच्या खिशात कमी त्याच्याकडून जास्त काढायचे, असा हा धंदा आहे.

दुरुस्तीचं म्हणाल तर प्लग ओतीव असतो, उघडत नाही. कापून नवा प्लग लावायचा तर प्रत्येक केसाएवढ्या तारेवरचं इनेमल जाळून सोल्डर करावं लागतं. त्या मजुरीत नवा इयरफोन येतो. दुबईत २०२० सालचा ग्राहक संरक्षणाचा कायदा आहे, भारतात ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. पण पंधरा दिरहमच्या तारेसाठी अर्ज-विनंत्या कोण करत बसणार? विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे.

"मग बिनतारीच घे ना, तारेची कटकटच नको!" हा सल्ला मला दर आठवड्याला मिळतो. चाचांना द्या हा सल्ला. बिनतारी इयरफोनच्या प्रत्येक बोंडात एक चिमुकली लिथियम बॅटरी असते, बहुतेकदा गोंदाने बंद केलेली. काहीशे वेळा चार्ज झाली की तिचा जीव कमी होत जातो. तारेऐवजी बॅटरी मरते, एवढाच फरक. युरोपियन युनियनने २०२३ सालच्या बॅटरीच्या कायद्यात अशी अट घातली आहे की फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. म्हणजे कायद्याने मागितलं तर ते करता येतं.

त्यातून आमच्याकडची हवा! ऑगस्टमध्ये एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरतं. तसंच ते थंड इयरफोनवरही धरतं. वर खारा वारा आणि खारा घाम. डबीवरचं 'आयपीएक्स४' हे प्रशस्तिपत्र गोड्या पाण्याचे शिंतोडे उडवून दिलेलं असतं. चार्जिंगच्या टाचण्यांवर महिनोन्महिने साठणाऱ्या मिठाबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

शेवटी एक गंभीर गोष्ट. एक बाजू अर्धी गेली की माणूस इयरफोन लगेच फेकत नाही, आवाज वाढवतो. मेट्रोत टोपी सैल असली की अजून वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: मोठ्यांसाठी आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८९ डेसिबलला उरतात फक्त पाच तास. गेलेली तार बदलता येते, कान नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की बेस विचारू नका. प्लग हातात घेऊन तार वाकवून बघा. गोल वळली तर ठीक, मोडल्यासारखी दुमडली तर परत ठेवा. सुटी तार परवडत असेल तर तीच घ्या. आणि महिन्याभरात बिघडलाच तर पंधरा दिरहमचा का असेना, पावती घेऊन दुकानात परत जा आणि बदलून मागा. अगदी चारचौघांत, मोठ्या आवाजात मागा. लाज आपल्याला नाही, त्यांना वाटली पाहिजे.

असो. परवा चाचांना मी एक सुट्या तारेचा आणून दिला. पैसे हप्त्याने घेणार आहे, फुकट दिलेलं त्यांना चालत नाही.