दहापैकी तीन!

मार्च संपत आला की आपल्या ऑफिसांमध्ये दोन प्रकारची माणसं दिसायला लागतात. एक, ज्यांनी टॅक्स वाचवायला घेतलेल्या पॉलिसीच्या पावत्या अजून अकाउंट्सला दिलेल्या नाहीत. आणि दुसरी, ज्यांचा अप्रेझल फॉर्म भरून झालाय आणि जी आता बॉसच्या केबिनच्या काचेकडे उगाचच बघत बसलीयत. नेमक्या याच दिवसांत तिकडे अमेरिकेत मात्र लोकांना वेगळेच वेध लागलेले असतात. बेसबॉलचे! मार्चच्या शेवटी नवा सीझन सुरू होतो. तीस टीम्स, प्रत्येकीच्या १६२ मॅचेस आणि पार दिवाळीपर्यंत नुसता धुमाकूळ.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आमचं आयपीएल आहे की! मान्य. पण मंडळी, एक सांगू? बेसबॉल तुमच्या तोंडात रोज असतो. क्लायंटला ‘बॉलपार्क फिगर’ कोण देतं? मीटिंगमध्ये अचानक ‘कर्व्हबॉल’ आला म्हणून कॅन्टीनमध्ये कुरकुरतं कोण? आणि ‘यू शुड स्टेप अप टू द प्लेट’ असं मॅनेजरने म्हटल्यावर, नक्की कुठल्या प्लेटबद्दल बोलतोय हा, असा प्रश्न पडूनही मान कोण डोलावतं? ती प्लेट जेवणाची नव्हे बरं का! बॅट्समन जिथे उभा राहतो ती जमिनीतली पांढरी पाटी, तिला ‘होम प्लेट’ म्हणतात. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत अख्खं कॉर्पोरेट जग हे शब्द वापरतं, खेळ मात्र कोणी बघत नाही.

मला हा नाद लावला माझ्या आतेभावाने. तो गेली काही वर्षं न्यू जर्सीत असतो. न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची मॅच म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार, तेव्हा त्याच्या मेसेजेसना मी उत्तर देत नाही. पण लॉस एंजेलिसची रात्रीची मॅच आपल्याकडे सकाळी साडेसात-पावणेआठला सुरू होते. म्हणजे बरोब्बर चहा-पोह्यांच्या वेळेला! फ्रीलान्सर असण्याचे जे थोडेफार फायदे आहेत, त्यातला हा एक.

तर आधी थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. क्रिकेटमध्ये ॲव्हरेज म्हणजे आउट होण्यामागे किती रन्स. बेसबॉलमध्ये ॲव्हरेज म्हणजे मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक शंभर संधींमागे बॅटरने किती वेळा नीट ‘हिट’ मारून बेस गाठला. पिचर उभा असतो जेमतेम साडेअठरा मीटरवर. तिथून ताशी दीडशे किलोमीटरने बॉल सोडतो, तोही टप्पा न पाडता. बॅटरच्या हातात गोल दांडका. विचार करायला अर्धा सेकंदही नाही. त्यामुळे शंभरात तीस वेळा जमलं तरी माणूस स्टार! हे ते दशांशात .३०० असं लिहितात आणि ‘थ्री हंड्रेड’ असं म्हणतात. वर्षानुवर्षं ज्याने हे टिकवलं, त्याचा पुतळा उभा राहायची शक्यता असते.

जरा थांबून विचार करा. दहापैकी सात वेळा अपयशी ठरलेला माणूस ग्रेट! आपल्याकडे दहातलं एक डेडलाइन चुकलं तर रेटिंगच्या रकान्यात काय येतं, ते मी सांगायला नको.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे टेड विल्यम्सची. १९४१ साल. बोस्टन रेड सॉक्सचा हा २३ वर्षांचा पोरगा सीझनच्या शेवटच्या दिवशी .३९९५५ वर उभा होता. नियमाप्रमाणे तो आकडा .४०० धरला गेला असता. शेवटच्या दिवशी दोन मॅचेस होत्या. मॅनेजर म्हणाला, हवं तर बाहेर बस, रेकॉर्ड सेफ आहे. विल्यम्स दोन्ही मॅचेस खेळला. आठपैकी सहा हिट्स मारल्या आणि .४०६ वर सीझन संपवला. त्यानंतर ८० वर्षं सगळी अमेरिका छातीठोकपणे सांगत राहिली की, त्याच्यानंतर चारशे गाठणारा पुन्हा कोणी झालाच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आपल्या बाजूने या खेळाकडे बघायचं तर एक दुवा आहे. १९३२ मध्ये डॉन ब्रॅडमन अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बेब रूथला भेटले होते. एकाचं ॲव्हरेज पुढे ९९.९४ वर थांबलं, दुसऱ्याचे होम रन्स ७१४ वर. दोन्ही आकडे आपापल्या देशात मुलांना पाढ्यांसारखे पाठ. रूथची गंमत अशी की तो आधी बोस्टनचा. १९१९ च्या अखेरीस बोस्टनने त्याला यांकीजना विकून टाकलं आणि मग थेट २००४ पर्यंत बोस्टनला चॅम्पियनशिप मिळाली नाही. चांगला माणूस दुसऱ्या कंपनीत जाऊ दिला की काय होतं, हे एचआरवाल्यांना कोणीतरी सांगा रे!

रूथच्याच टीममध्ये होता लू गेरिग. रूथसारखा दंगेखोर नाही, पार्ट्या नाहीत, फोटोंची हौस नाही. रोज वेळेवर यायचा आणि खेळायचा. १९२५ पासून सलग २१३० मॅचेस! बोट मोडलं, पाठ धरली, तरी गडी हजर. १९३९ च्या मे महिन्यात तो स्वतःच मॅनेजरला म्हणाला, आज मला बसव. स्नायूंची ताकद हळूहळू हिरावून नेणारा एएलएस नावाचा आजार त्याला झाला होता. दोन वर्षांनी, वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. त्याचा सलग मॅचेसचा विक्रम १९९५ मध्ये कॅल रिपकेनने मोडला आणि पुढे तो २६३२ पर्यंत नेला.

गेरिगबद्दल वाचताना मला दर वेळी बाबा आठवतात. माझे बाबा या ३१ मार्चला रिटायर होतायत. एका सरकारी खात्यात अकाउंट्सला, ३४ वर्षं. पावसात ट्रॅक बुडालेले असताना चालत गेलेले. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही ऑफिसात, कारण ऑडिट होतं. परवा त्यांचं सर्व्हिस बुक बघितलं. शिल्लक अर्जित रजा: ३०० दिवस. म्हणजे साठवता येते तेवढी सगळी! आई म्हणाली, “यातल्या दहा तरी घेतल्या असत्या तर काश्मीर झालं असतं.” बाबा काही बोलले नाहीत, पेपरात डोकं घातलं. निरोप समारंभाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि समोसा-वेफर्सची डिश हे ठरलेलं आहे. त्यांनी एकट्याने रात्री बसून जुळवलेल्या हिशेबांचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

म्हणूनच बेसबॉलवाल्यांचं मला कौतुक वाटायचं. हे लोक सगळं मोजतात! किती बॉल टाकले, कुठल्या वेगाने, डावखुऱ्यासमोर काय, रात्री काय, पावसानंतर काय. कोणाचं काही सुटत नाही, असं वाटायचं.

आणि मग जॉश गिब्सन वाचनात आला.

गिब्सन कॅचर होता. मारायचा असा की बघणारे त्याची तुलना थेट रूथशी करायचे. पण तो काळा होता, आणि तेव्हा मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना घेत नसत. नियम कुठे लिहिलेला नव्हता, सगळ्यांना माहीत मात्र होता. (असे न लिहिलेले नियम आपल्यालाही चांगलेच ओळखीचे आहेत, नाही का?) मग काळ्यांच्या वेगळ्या लीग्ज होत्या, ‘नीग्रो लीग्ज’. वेगळ्या टीम्स, वेगळे प्रवास, वेगळी हॉटेलं, वेगळे रेकॉर्ड्स. गिब्सन २० जानेवारी १९४७ ला वारला, वय ३५. आणि तीनच महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ ला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. दार उघडलं, पण गिब्सनसाठी उशीर झाला होता.

रॉबिन्सनला टीमचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, शिव्या खायच्या, पण उलटून मारायचं नाही. त्याने शिव्या खाल्ल्या, धमक्या झेलल्या आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडूही ठरला. पुढे २७ वर्षांनी हँक ॲरनच्या वाट्याला तेच आलं. १९७३ चा सीझन संपला तेव्हा तो ७१३ होम रन्सवर होता, रूथच्या फक्त एक मागे. अख्खा हिवाळा त्याच्या घरी द्वेषाने भरलेली पत्रं येत राहिली. गोऱ्या रूथचा विक्रम मोडलास तर जिवंत सोडणार नाही, असं लिहिलेली. आठ एप्रिल १९७४ ला त्याने ७१५ वा मारला. सुट्टीच्या दिवशी बॉसचा मेल आला तर आपला बीपी वाढतो. हा माणूस तसल्या पत्रांनंतर बॅट घेऊन उभा राहिला!

आता त्या लक्षात ठेवायला सांगितलेल्या वाक्याकडे येऊ. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने जाहीर केलं की, १९२० ते १९४८ मधल्या नीग्रो लीग्जनाही मेजर लीगचाच दर्जा आहे. अभ्यासक जुन्या वर्तमानपत्रांमधली स्कोअरकार्डं धुंडाळत होते. मे २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत रेकॉर्ड्समध्ये आले. आणि काय झालं असेल? कारकिर्दीच्या ॲव्हरेजमध्ये कित्येक दशकं पहिल्या नंबरवर असलेला टाय कॉब खाली सरकला आणि जॉश गिब्सन .३७२ घेऊन वर आला. १९४३ मधलं त्याचं ॲव्हरेज निघालं .४६६! म्हणजे विल्यम्सनंतर दोनच वर्षांत कोणीतरी चारशेच्या पार गेलं होतं. मोजलं नव्हतं, इतकंच. जाऊन ७७ वर्षं झालेला माणूस यादीत पहिला आला.

हे वाचलं तेव्हा मला जितका आनंद झाला तितकाच रागही आला. गिब्सनला याचा काय उपयोग? पण मग वाटलं, ज्यांनी पिवळ्या पडलेल्या कागदांत डोकं खुपसून त्याचे हिट्स मोजले, त्यांनी निदान पुढच्यांना खोटी यादी पाठ करण्यापासून वाचवलं. माझी एक मैत्रीण आहे, टीममधली सगळी नवी पोरं तिच्याकडून काम शिकतात. रेटिंग? ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’. बेल कर्व्हमध्ये वरची जागा शिल्लक नव्हती म्हणे. तिला मी गिब्सनची लिंक पाठवली. तिचं उत्तर आलं, “मला ७७ वर्षं थांबायचं नाहीये.” तिने फीडबॅक मीटिंगसाठी आता स्वतःच कागद काढलाय. कोणाला काय शिकवलं, कधी, किती तास. जाम खूश आहे मी तिच्यावर!

बाकी या खेळाचे आजचे हिरोही काही कमी नाहीत. जपानहून २००१ मध्ये आलेला सडपातळ इचिरो सुझुकी २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, फक्त एका मताने एकमत हुकलं. आणि शोहेई ओहतानी? हा बॅटिंगही करतो आणि पिचिंगही. २०२४ मध्ये ५४ होम रन्स आणि ५९ बेस चोरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकाच प्लेऑफ मॅचमध्ये दहा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि तीन होम रन्सही ठोकले. डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षं चॅम्पियनशिप जिंकली. आपल्याकडचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुणही २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडले जाऊन पिट्सबर्ग पायरेट्सच्या करारावर सही करून आले होते. मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत, पण त्यांच्यावर २०१४ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ हा सिनेमा निघाला.

तर मंडळी, नव्या सीझनच्या तोंडावर फार उपदेश करणार नाही. मी गेल्या महिन्यात एडिटर लोकांना दहा आयडिया पाठवल्या, तीन घेतल्या. माझ्या हिशेबाने हे झकास आहे. तुमचं अप्रेझल जसं व्हायचं तसं होवो, तुमचा कागद मात्र तुमच्याकडे असू द्या.

आणि हो, १५ एप्रिलला तिकडे सगळेच्या सगळे खेळाडू पाठीवर एकच नंबर घालून उतरतात, ४२. रॉबिन्सनचा. एरवी १९९७ पासून तो नंबर कुठल्याच टीममध्ये नव्या खेळाडूला मिळत नाही. आपल्याकडे तोवर १६ एप्रिलची सकाळ झालेली असेल. लॉस एंजेलिसची मॅच घरी असली तर साडेसातला लावणार आहे. बाबांना विचारलंय. ते म्हणाले, “सगळ्यांचा नंबर एकच, मग स्कोअर लिहिणाऱ्याने ओळखायचं कसं?” ३४ वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार!