नोंदीखालची ओळ

वाणिज्य शाखेत शिकत असताना आमच्या एका प्राध्यापकांनी एक शिस्त लावली होती. रोजकीर्दीत नावे-जमेचे आकडे बिनचूक असले, तरी नोंदीखाली स्पष्टीकरणाची ओळ नसेल तर ते गुण कापत. व्यवहार कशासाठी झाला हे आकड्यावरून कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या वयात ती ओळ म्हणजे उगाचची लांबण वाटे. तिची किंमत मला बँकेत कळली, आणि तीही दुसऱ्याच्या नुकसानीतून.

तीसएक वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी शाखेचा कर्ज विभाग पाहत होतो. तेथील एका डाळमिलच्या मालकांनी दिवाळीनंतर खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून मागितली. डिसेंबर-जानेवारीत नवी तूर बाजारात येऊ लागते. आवक भरपूर असते, भाव उतरलेला असतो. त्या वेळी हाती पैसा असेल तरच मिलचे वर्षाचे गणित बसते. मी मिल पाहिली, गोदामातील पोती मोजली, हिशेब तपासले. गृहस्थ सचोटीचे, धंदा चोख. मग क्षेत्रीय कार्यालयाला प्रस्ताव पाठवला. त्यात चार पाने आकडे होते आणि शेवटी एक वाक्य : 'खात्याचा व्यवहार समाधानकारक असून मर्यादावाढीची शिफारस करण्यात येत आहे.'

तीन आठवड्यांनी प्रस्ताव शेऱ्यासह परत आला. पावसाळ्यात खात्यातील उलाढाल जवळजवळ थांबलेली का दिसते, अशी पृच्छा होती. उत्तर मला तोंडपाठ होते. हंगामात घेतलेली तूर संपली की नवा माल येईपर्यंत मिल बंद असे. त्यात धंदा खालावल्याचे लक्षण काही नव्हते. परंतु क्षेत्रीय कार्यालयातील अधिकाऱ्यांनी ती मिल पाहिली नव्हती. त्यांच्यापुढे केवळ माझा कागद होता आणि कागदात हे कोठेच नव्हते. खुलासा गेला, पुन्हा एक शंका आली, आणि मंजुरी मिळेपर्यंत मार्च उजाडला. तोवर भाव चढला होता. मालक शाखेत आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, माझा धंदा तुम्हाला ठाऊक होता. मग तो कागदावर का आला नाही?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

त्यानंतर मी लिहिण्याची पद्धत बदलली. पहिल्याच परिच्छेदात मागणी काय, किती, कशासाठी आणि केव्हापर्यंत हवी, हे लिहू लागलो. वाचणाऱ्याच्या मनात येईल ती सर्वांत मोठी शंका स्वतःच मांडून तिचे उत्तर देऊ लागलो. 'समाधानकारक' हा शब्द मी वर्ज्य केला. वर्षभरात किती धनादेश परत गेले, व्याज कितीदा थकले, हे लिहिले की तो निष्कर्ष वाचणारा स्वतःच काढतो. आकड्यांचे तक्ते शेवटी जोडू लागलो. पुढे वाचनात आले की, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, ९ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या सहकाऱ्यांना हेच बजावले होते : मुख्य मुद्दे लहान परिच्छेदांत मांडा, तपशील परिशिष्टात द्या.

या सवयीचा दुसरा लाभ पुष्कळ वर्षांनी ध्यानात आला. कर्ज बुडीत निघाले की जबाबदारी निश्चित करण्यासाठी जुन्या फायली उघडल्या जातात. तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असते. 'तारणमाल तपासला' एवढाच शेरा असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कोणत्या तारखेस, कोणत्या गोदामात, किती पोती मोजली हे लिहिलेले असेल, तर तोच कागद प्रामाणिक माणसाच्या बाजूने साक्ष देतो.

आजची तरुण मंडळी ई-मेल लिहितात आणि मसुदा संगणकाकडूनही करवून घेतात. त्यास माझी हरकत नाही. व्याकरण सुधारते, वाक्ये गुळगुळीत होतात. परंतु पावसाळ्यात मिल का बंद असते, हे संगणकाला आपण सांगितल्याविना कसे कळणार? ते ज्याने पाहिले, त्यानेच सांगावयास हवे.

आपल्या घरातील मुले-मुली नोकरीस लागत आहेत, काही दुकान, कारखाना सांभाळत आहेत. त्यांना माझे एकच सांगणे आहे. महत्त्वाचे पत्र वा टिपण पाठवण्यापूर्वी ते एकदा मोठ्याने वाचावे आणि स्वतःस विचारावे : ज्याने ती मिल पाहिलेली नाही, त्याला यातून ती दिसेल का? उत्तर 'नाही' असेल, तर नोंदीखालची ती ओळ अजून लिहावयाची राहिली आहे.