घरच्या वेलीवरचे हॉप्स आणि कायद्याची रेषा

अमेरिकेतील लघु बिअर उद्योगाची घोडदौड थांबल्याची चिन्हे आता स्पष्ट झाली आहेत. २०२४ मध्ये तेथे नव्याने सुरू झालेल्या बिअर कारखान्यांपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या अधिक होती. त्याआधीच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतील, १८९६ पासून नाव टिकवून असलेल्या अँकर ब्रुअरीने आपले कामकाज थांबवले. बिअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या हॉप्सच्या वेलीची लागवड २०२१ मध्ये ६० हजार एकरांच्या घरात होती. २०२४ मध्ये ती ४५ हजार एकरांच्या आसपास उतरली. या पडझडीच्या पार्श्वभूमीवर हा उद्योग ज्या छंदातून उभा राहिला, त्या घरगुती बिअरच्या छंदाकडे आणि त्याला मोकळीक देणाऱ्या कायद्याकडे नव्याने पाहणे उद्बोधक ठरेल.

करविधेयकातील एक कलम

अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली. त्यानंतर घरी वाइन बनवण्यास सवलत मिळाली; बिअर मात्र त्या सवलतीतून बाहेर राहिली. परिणामी स्वतःच्या स्वयंपाकघरात वीस लिटर बिअर आंबवणारा गृहस्थ पुढील ४५ वर्षे कायद्याच्या लेखी गुन्हेगारच होता. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर स्वाक्षरी केली. विधेयक मुख्यतः ट्रक, बस व ट्रॅक्टर यांवरील कराचे होते. सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांच्या दुरुस्तीमुळे त्यात घरगुती बिअरचे कलम आले आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून ते अमलात आले.

या कलमाची मर्यादा नेमकी आहे. एकच प्रौढ व्यक्ती असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर. दोन किंवा अधिक प्रौढ असल्यास त्याच्या दुप्पट. कर नाही, परवाना नाही. परंतु विक्रीही नाही. राज्यांचे अधिकार अबाधित ठेवण्यात आल्याने मिसिसिपी व अलाबामा या राज्यांनी ही मुभा देण्यास २०१३ साल उजाडावे लागले. ब्रिटनने परवान्याची अट त्याआधीच, १९६३ च्या अर्थसंकल्पात रद्द केली होती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बिअर कारखाने शंभराच्या आत होते. आज पडझडीनंतरही ती संख्या नऊ हजारांवर आहे. या वाढीचे सर्व श्रेय एका कलमाला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि सिएरा नेवाडा कंपनीचे संस्थापक केन ग्रॉसमन हे मुळात घरगुती बिअर बनवणारे आणि त्या साहित्याचे दुकान चालवणारे होते, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. कारखानदारीचे प्रशिक्षण देणारी एक विनामूल्य शाळा या छंदाच्या रूपाने घरोघर उघडली होती.

वेल कोणाची?

घरच्या अंगणात हॉप्स लावणे हा या छंदाचा पुढचा टप्पा. ही वेल बहुवर्षायू असून दोरीच्या आधाराने एका हंगामात १५ ते २० फूट चढते. नर व मादी वेली वेगळ्या असतात आणि बिअरसाठी मादी वेलीवरील शंकूसारखी फुलेच उपयोगी पडतात. त्यांतील पिवळ्या रसाळ कणांत कडवटपणा देणारी आम्ले व सुगंधी तेले असतात. लागवड बियांऐवजी जमिनीखालील खोडाच्या तुकड्यांपासून होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुले खुडली, की ती लगेच वाळवावी लागतात किंवा एका दिवसाच्या आत ओलीच वापरावी लागतात. ओली वापरल्यास वजन वाळलेल्यांच्या चार ते सहापट घ्यावे लागते.

येथे दोन अडचणी येतात. पहिली मोजमापाची. बाजारातील पाकिटावर आम्लाचे प्रमाण छापलेले असते. अंगणातील फुलांना असे प्रमाणपत्र नसते. म्हणून जाणकार मंडळी कडवटपणासाठी विकतचे हॉप्स उकळीच्या प्रारंभी घालतात आणि घरचे हॉप्स सुगंधासाठी उकळीच्या अखेरीस राखून ठेवतात. दुसरी अडचण मालकीची. सरकारी संशोधनातून १९७२ मध्ये प्रसृत झालेले ‘कॅस्केड’ वाण कोणालाही लावता येते. ग्रॉसमन यांच्या प्रसिद्ध पेल एलचा सुगंध याच वाणाचा. मात्र आज सर्वाधिक मागणी असलेली ‘सिट्रा’, ‘मोझेक’ यांसारखी वाणे खासगी मालकीची आहेत. त्यांचे रोप अंगणात लावण्यासाठी मिळत नाही. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेल्या वाणाने छंद व उद्योग दोन्ही वाढवले आणि खासगी वाणांनी छंदिष्टाला पुन्हा ग्राहक केले, असा याचा अर्थ. बियाण्यांच्या मालकीचा वाद ठाऊक असलेल्या मराठी शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

जिभेची परीक्षा

विक्रीला बंदी असल्याने या बिअरचा न्याय बाजारात होत नाही. तो चवीच्या बैठकीत होतो. १९८५ पासून तेथे परीक्षकांच्या प्रशिक्षणाची व परीक्षेची रीतसर व्यवस्था आहे. पन्नास गुणांपैकी चवीला २०, गंधाला १२, एकूण प्रभावाला १०, तोंडातील घट्टपणाला ५ आणि रूपाला अवघे ३ गुण. दोषांची भाषाही ठरलेली आहे. लोण्यासारखा वास आला तर आंबवण अपुरे राहिले किंवा भांडे अस्वच्छ होते. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कोवळी आहे. उग्र, कुबट दर्प आला तर बाटलीला ऊन लागले. या शिस्तीमुळे घरगुती प्रयोगाला स्वच्छतेची व नोंदी ठेवण्याची सवय लागली.

महाराष्ट्रापुढील प्रश्न

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलॅली’ सुरू झाल्यापासून परवानाधारक लघु बिअर कारखाने शहरांत रुजले. घरच्या बिअरला मात्र वाव नाही. हॉप्सची वेलही येथे सहज फुलणारी नाही. तिला हिवाळ्यात कडक थंडी व उन्हाळ्यात दीर्घ दिवस लागतात; त्यामुळे भारतात तिची लागवड हिमाचलातील लाहौल खोऱ्यासारख्या भागात झाली.

खरा प्रश्न कायद्याच्या रेषेचा आहे. अमेरिकेने बिअर ‘आंबवणे’ मोकळे केले. दारू घरी ‘गाळण्या’ची मुभा त्या कायद्याने दिली नाही. आपला कायदा या दोन क्रियांकडे एकाच संशयाने पाहतो. त्या संशयाला कारण आहे. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. ‘आडवी बाटली’च्या मतदानासाठी गावोगाव उभ्या राहिलेल्या स्त्रियांना घरगुती सवलत म्हणजे हातभट्टीला मिळालेला आडोसा वाटला, तर त्यांना दोष देता येणार नाही.

अमेरिकेत वार्षिक मर्यादा बहुतांशी विश्वासावर पाळली जाते, कारण दुकानातील बिअर स्वस्त असल्याने चोरून विकण्यात नफा नाही. महाराष्ट्रात जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवण्याचा निर्णय झाला. बिअर त्यातून वगळण्यात आली. मद्यावरील कर जितका चढा, तितका चोरट्या निर्मितीतील फायदा मोठा, हे अर्थशास्त्र बदलत नाही. तेव्हा तेथील कलम जसेच्या तसे उचलण्यात शहाणपण नाही. मात्र किती प्रमाण, विक्री की घरगुती वापर, आंबवणे की गाळणे, हे तीन प्रश्न वेगळे करून पाहण्याची तेथील पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. मालवणीतील बळी विकलेल्या विषाचे होते. कायद्याचा जोर नेमका तेथे राहावा, यासाठी तरी हा फरक कागदावर यायला हवा.