आधी अंत, मग आरंभ

बुद्धिबळाच्या शिक्षणात हल्ली एक नवी घोकंपट्टी शिरली आहे, आणि तिचा स्पष्ट शब्दांत निषेध करणे आम्हांस अवश्य वाटते. मुलास मोहऱ्यांच्या चाली येतात न येतात तोच त्याच्याकडून सिसिलियन बचावाच्या पंधरा-वीस खेळ्या पाठ करून घेतल्या जातात, आणि आईबापांस धन्यता वाटते. परवा आमच्या घरी आलेल्या अशाच एका बालवीराने डावाची सुरुवात धडाधड खेळून दाखविली. परंतु पटावर दोन राजे आणि एक प्यादे उरताच तो गोंधळला व हातचा डाव त्याने बरोबरीत घालविला. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. शिकविणारांच्या क्रमाचा आहे.

हा क्रम उलटा हवा, हे काही आमचे खूळ नव्हे. क्यूबाचा कापाब्लांका १९२१ साली जगज्जेता झाला. त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या पाठ्यग्रंथाचा आरंभच साध्या मातांनी होतो. कारण उघड आहे. पटावर बत्तीस मोहरे असताना एका खेळीचे खरे मोल सांगणे कठीण; तीनच असताना ते निर्विवाद सांगता येते. राजाच्या उभ्या ओळीत पांढरे प्यादे चौथ्या घरात, त्याचा राजा पाचव्यात आणि काळा राजा सातव्यात मांडून पाहावे. चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी. काळ्याची असेल तर पांढऱ्याचा विजय. चाल आपली असणे हेच येथे संकट! हे नुसते वाचून कळत नाही. पुस्तक उघडे ठेवून दोन्ही बाजूंनी वीस वेळा खेळावे, तेव्हा कळते.

‘अंतापर्यंत डाव पोचतोच कोठे?’ असा आक्षेप घेतला जातो. पण शेवटच्या हत्तींची मारामारी करावी की टाळावी, हे ठरविताना मागे राहणारा प्याद्यांचा डाव ज्यास वाचता येत नाही, तो मध्यातही आंधळाच खेळतो.

दुसरा आक्षेप यंत्रभक्तांचा. २०१२ साली मॉस्को येथे राजांसह सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची गणिते पुरी झाली. मग पुस्तक कशास? आम्ही विचारतो, उत्तर मिळणे म्हणजे ज्ञान होणे काय? २०१३ साली जिनिव्हा येथे आन्ना उशेनिना ह्या तत्कालीन महिला जगज्जेतीस उंट व घोडा हाती असून एकट्या राजावर मात करता आली नाही. डाव बरोबरीत सुटला. हे आम्ही तिच्या निंदेसाठी सांगत नाही. मात कशी करावी हे यंत्रास ठाऊक होतेच. पण पटाशी यंत्र बसत नाही, मनुष्य बसतो.

आम्ही आयुष्यभर वर्गात हेच पाहत आलो. तयार उत्तरे पाठ करणारा विद्यार्थी प्रश्न किंचित वळला की गप्प होतो. उत्तर कसे निघाले हे जाणणारा चुकत चुकत का होईना, पुढे जातो. पालकांस आमची एवढीच विनंती की, मुलास प्रथम अंत्यखेळांचे एक लहानसे पुस्तक आणि एक साधा पट आणून द्यावा, आणि महिनाभर त्यास जिंकण्याची घाई करू नये.