होडी कुठे चालावी?

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईकर गावाला येतात. जुन्नर-आंबेगावात ‘मुंबईकर’ म्हणजे परकी माणसं नव्हेत. गिरणीत, गोदीत, भायखळ्याच्या भाजी मार्केटात दोन-तीन पिढ्या गेल्या तरी सातबाऱ्यावर अजून नाव असलेली ती आपलीच माणसं. लेकराबाळांना शिवनेरी दाखवून, लेण्याद्री आणि ओझर करून ती घराकडे वळतात आणि वाटेत कॅनॉलच्या पुलावर गाडी थांबवतात. नुकतंच अस्तरीकरण झालेला कालवा, त्यात पाणी सुटलेलं, दोन्ही काठांना हिरवा ऊस. त्या पाण्याकडे बघून मूल विचारतं, “इथे होडी का नाही चालवत?” ज्यांनी परदेशातले कालवे पाहिले आहेत ती मोठी माणसंही हेच विचारतात. प्रश्न निर्मळ आहे. नीट उत्तर द्यायला बसलं की त्यातून आपल्या पाण्याची सगळी मांडणी समोर येते.

इंग्लंडमध्ये सुट्टीत कालव्यावर होडीतून आठवडाभर फिरणं ही साधी कौटुंबिक गोष्ट आहे. लंडनकडची थेम्स नदी आणि ब्रिस्टॉलचं बंदर यांना जोडणारा केनेट अँड एव्हन कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. पुढे रेल्वे आली, मालवाहतूक तिकडे गेली आणि १९५० च्या दशकापर्यंत कालव्याचे काही भाग वापरण्याजोगेही उरले नाहीत. मग स्थानिक माणसं गाळ उपसायला, दरवाजे बसवायला, भिंती बांधायला उतरली. कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी त्यांनी हे काम केलं आणि ८ ऑगस्ट १९९० रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो कालवा पुन्हा खुला झाला. आज तिथे भाड्याच्या लांबट होड्या चालतात. डिव्हायझेस गावाजवळ एका टेकडीच्या चढावर २९ दरवाजेबंद टाक्या आहेत. होडी टाकीत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरचं पाणी आत सोडायचं, होडी वर आली की पुढचा दरवाजा उघडायचा. या टाकीला तिकडे ‘लॉक’ म्हणतात. पायरी-पायरीने होडी अशी डोंगर चढते.

त्या कालव्याचा आणि आपल्या कालव्याचा मूळ फरक इथेच आहे. तो होडीसाठी खणला, म्हणून त्याचं पाणी जवळजवळ उभं असतं. आपला कालवा शेतासाठी खणला, म्हणून त्याचं पाणी धावतं. त्याला सुरुवातीपासून शेवटापर्यंत बेताचा उतार दिलेला असतो. उतार कमी पडला तर गाळ बसतो आणि जास्त झाला तर तळ खरवडला जातो. वाटेत पाणी अडवून चारीला वळवणारी गेटं असतात, ओढ्यावरून जाणारे जलसेतू असतात, काही ठिकाणी कालवा जमिनीखालून जातो, आणि गावरस्त्यांचे पूल पाण्याला टेकल्यासारखे बसके असतात. कुकडीच्या डाव्या कालव्यात पूर्ण क्षमतेने पाणी सोडलं की हजार क्युसेकच्या वर प्रवाह असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. त्या ओढीत वल्ह्याची होडी खाली सहज जाईल, परत येणार नाही.

होडी आणि शेत दोन्ही एकाच कालव्यावर साधण्याचा प्रयत्न आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्यात प्रोबी कॉटली यांनी होड्यांसाठी लॉक बांधले होते. पण पाण्याचा वेग जास्त निघाला, तळाची झीज होऊ लागली आणि प्रवाहाविरुद्ध होड्या नेणं जिकिरीचं झालं. पुढच्या दशकात कॉटली आणि दक्षिणेत गोदावरी-कावेरीवर काम केलेले आर्थर कॉटन यांच्यात या कालव्याच्या आखणीवरून जाहीर वाद झाला. एवढे मोठे दोन अभियंते ज्यावर भांडले, ते आपण दोन ओळींच्या घोषणेत उरकू नये.

आता पाण्याचा हिशेब. इंग्लंडमधल्या रुंद कालव्यावर होडी एक लॉक चढली-उतरली की साधारण दोन-अडीच लाख लिटर पाणी खाली जातं. आपल्याकडे एक एकर रान मोकळ्या पाण्याने भिजवायला एका पाळीला जवळपास तेवढंच लागतं. म्हणजे होडीने एक पायरी ओलांडली की एका एकराची पाळी गेली. ज्या देशात पावसाचं पाणी वर्षभर हप्त्याहप्त्याने येतं तिथे हे परवडतं. आपल्याकडे चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा असतो.

आणि इथलं पाणी फक्त इथलं नाही. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं. येडगावहून निघणारा डावा कालवा जुन्नरमधून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो. घोड नदीवरच्या डिंभ्याचं पाणीही त्या धरणाच्या डाव्या कालव्याने येडगावात आणून त्याच वाटेला लावलं जातं. डिंभे ते माणिकडोह बोगद्याच्या प्रस्तावावरून दोन जिल्ह्यांत किती वर्षं ताणाताण चालू आहे, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. आवर्तन दोन दिवस पुढे-मागे झालं तरी रस्त्यावर माणसं उतरतात. अशा कालव्यात सहलीसाठी पाणी उभं ठेवायचं म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला थांब म्हणायचं. कर्जत-करमाळ्याच्या ज्या माणसाने वर्षानुवर्षं पाण्याची वाट पाहिली, त्याला हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

कॅनॉलला पाणी सुटतं तो क्षण ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. कोरडा तळ, त्यात भेगाळलेला गाळ, मध्येच वाढलेली बेशरमी. मग लांबून पाण्याचं तोंड येताना दिसतं. पांढरं नव्हे, मातकट, आणि त्याच्या पुढ्यात वाळका पाला, बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, एखादी चप्पल. चालत्या माणसाच्या वेगाने ते पुढे सरकतं आणि पोरं काठाने त्याच्याबरोबर धावतात. मागे पाणी चढत जातं. दुसऱ्या दिवशी बाया गोधड्या घेऊन येतात. घटस्थापनेच्या आधी आवर्तन असलं तर काठावर जागा मिळत नाही. भिजलेली गोधडी दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची आणि तशीच काठावरच्या झुडपांवर टाकायची. आमच्या दृष्टीने कालव्याचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा लोकवापर आहे, आणि त्याची सोय मात्र कुणी केलेली नाही.

म्हणून कालव्याच्या दुरुस्तीकडे थोडं वेगळ्या नजरेने बघावं असं आम्हाला वाटतं. दुरुस्ती म्हणजे गळती थांबवणं, गाळ काढणं, गेटं नीट करणं, आणि अस्तर घालणं. अस्तरावर मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. मातीच्या कालव्यातून पाझरणाऱ्या पाण्यावर काठच्या विहिरी भरतात, त्यावर बागा उभ्या आहेत. तो पाझर थांबला तर वरचा शेतकरी अडचणीत येतो, नाही थांबला तर खालच्याला पाणी पोचत नाही. दोघांचंही म्हणणं रास्त आहे, तेव्हा प्रत्येक टप्प्याला त्या जागेच्या विहिरी मोजूनच निर्णय व्हायला हवा.

अस्तरातून निर्माण होणाऱ्या एका धोक्याबद्दल मात्र मतभेदाला जागा नाही. गुळगुळीत काँक्रीटच्या उतारावर शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. मातीच्या काठाला निदान मुळं असायची, गवत असायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कालव्यात पोहायला उतरलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. दरवर्षी एखादं घर उद्ध्वस्त होतं आणि पुढच्या मे महिन्यात तोच काठ तसाच असतो. गावाजवळ दर काही अंतरावर पायऱ्या, धुण्यासाठी घाट, भिंतीवर आडव्या धरण्याजोग्या साखळ्या, पूल आणि जलसेतूच्या आधी पाण्यावर ताणलेला दोर, एवढं दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच बसवता येतं. सेवा रस्त्याच्या बाजूने करंज, जांभूळ, कडुनिंब लावले तर सुट्टीला आलेल्या माणसाला कालव्याकाठी चालायला, सायकल फिरवायला सावलीची वाट मिळेल. कालव्याची सहल ही अशी काठावरून व्हावी.

होडीची हौस भागवायला धरणं आहेत.

जुन्नर तालुक्याला राज्य सरकारने २०१८ मध्ये पर्यटन तालुका जाहीर केलं. आंबेगावात घोडेगाव, शिनोलीवरून भीमाशंकरकडे निघालं की डिंभे धरणाचं पाणी लागतं. पावसाळा संपताना सह्याद्रीच्या सोंडांमध्ये शिरलेलं ते निळं-हिरवं पाणी बघून कुणालाही होडीत बसावंसं वाटेल. साडेबारा टीएमसी उपयुक्त साठ्याच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव दिलेलं आहे. याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना चिरडला गेला. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली आहे. तालुक्याचं नाव कागदावर वर राहिलं, गाव खाली गेलं.

त्या पाण्याच्या काठावर महादेव कोळी समाजाच्या वाड्यावस्त्या आहेत. खाचरं बुडाली तेव्हा माणसं डोंगराच्या अंगावर सरकली. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करायची, उतारावर पडकईची खाचरं बांधून भात लावायचा, जंगलातला हिरडा गोळा करायचा, आणि पाण्यात जाळी टाकायची. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने या लोकांबरोबर राहून गाळपेरीचा आणि मासेमारीचा हक्क लावून धरला, लोकांची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. त्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. इथे होडी ही मौजेची वस्तू कधीच नव्हती. रस्त्याने मोठा वळसा पडतो तिथे होडीनेच पलीकडे जायचं, बाजाराला, दवाखान्याला, नातेवाइकांकडे.

तेव्हा डिंभ्यात किंवा माणिकडोहात सुट्टीतली होडी सुरू करायची असेल तर वल्हं कुणाच्या हातात असावं, याचं उत्तर आमच्या मते एकच आहे. ज्यांची जमीन त्या पाण्याखाली आहे, त्यांच्याच. बाहेरच्या ठेकेदाराला जलाशय भाड्याने देऊन स्थानिक माणसाला तिकिटाच्या खिडकीवर बसवणं हे दुसरं विस्थापन ठरेल. स्थानिकांच्या हातातली होडी बघायला दूर जायला नको. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला मासेमारी करणाऱ्या माणसांनी आपल्याच होड्यांतून लोकांना रोहित पक्षी दाखवायला सुरुवात केली. पाणी कुठे उथळ आहे, थवा कुठे उतरतो, किती जवळ गेलं की उडतो, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. कोयनेच्या शिवसागरात बामणोली-तापोळ्याहून वासोट्याच्या वाटेने जाणाऱ्या बोटीही स्थानिक बोट क्लबांच्या आहेत.

पण त्याच उजनीत २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला, सहा गेले. ती सहलीची बोट नव्हती, रोजच्या येण्याजाण्याची होती. म्हणून सुरक्षेचे नियम पर्यटकांपुरते ठेवून चालणार नाही. अंतर्गत जलवाहतुकीचा नवा कायदा २०२१ मध्ये झाला आहे, त्यात नोंदणी आहे, तपासणी आहे, विमा आहे. पण गरीब मच्छीमाराला तपासणीचा खर्च झेपत नाही आणि मग तो नियमाबाहेर राहतो. लाइफ जॅकेटं, नोंदणी, नावाड्यांचं प्रशिक्षण हे पहिल्या टप्प्यात सरकारने स्वतःच्या पैशाने करावं. वारा किती वाढला की होडी काठाला लावायची, याचा निर्णय नावाड्याचा असावा आणि त्या दिवसाचा त्याचा बुडालेला रोज संस्थेच्या निधीतून भरून द्यावा. नाहीतर पोटासाठी माणूस वादळातही होडी काढतो.

हंगामाचंही भान हवं. मे महिन्यात, म्हणजे शाळेच्या सगळ्यात मोठ्या सुट्टीत, धरणं तळाला गेलेली असतात. होडीचे खरे दिवस नवरात्रापासून माघापर्यंतचे. उन्हाळ्यात त्याच काठावर गाळपेरीची पिकं असतात आणि तिथून पर्यटकांच्या गाड्या जाता कामा नयेत. हे पाणी माणसं पितात, तेव्हा गळक्या डिझेल इंजिनांना परवानगी नको. वल्ह्याच्या नाहीतर बॅटरीवरच्या होड्या पुरेत. पिंपळगाव जोग्याच्या फुगवट्यावर माळशेजच्या बाजूने रोहित येतात. तिथे होडी नसलेलीच बरी, काठावरून दुर्बीण लावून बघावं.

एक मागणी मात्र लगेच मान्य होण्यासारखी आहे. डिंभ्याच्या पाण्यात जी पहिली नवी, नोंदलेली, जॅकेटांसह होडी उतरेल, ती आठवड्याचे सहा दिवस पलीकडच्या वाड्यांतल्या शाळेच्या मुलांना आणि दवाखान्यात जाणाऱ्या बाळंतिणींना ने-आण करायला असावी. रविवारी तीच होडी मुंबईकरांना घेऊन निघेल. मधल्या पाण्यात आल्यावर नावाडी वल्हं थांबवून खाली बोट दाखवेल आणि सांगेल, इथे आमचं घर होतं, तिकडे चावडी, आणि त्या बाजूला आंब्यांची राई.